मोटोक्रॉस : विजेत्यांचे वर्चस्व आणि स्पर्धेतील चुरस

मोटोक्रॉस ही मातीच्या, चढउतारांच्या बंदिस्त मार्गावरची मोटारसायकल शर्यत आहे. मालिकेच्या प्रत्येक फेरीत, एका दिवशी, दोन धावा होतात. त्यांना ‘मोटो’ म्हणतात. प्रत्येक मोटो साधारण ३० मिनिटे आणि वर दोन लॅप चालते. जिंकणाऱ्याला २५ गुण, दुसऱ्याला २२. चाळीसेक स्वार एका रांगेत उभे राहतात, लोखंडी गेट पडते आणि सगळे एकाच वळणाकडे झेपावतात. मागे राहिलेल्याच्या तोंडावर पुढच्यांच्या चाकांनी उडवलेली ढेकळे बसतात, चष्मा चिखलाने भरतो, समोर कोणी आडवा झाला तर त्याच्यासकट हाही पडतो. या खेळात हरायला निमित्त पुरते. तरीही काही स्वार अख्खा हंगाम हरलेले नाहीत. अशा हंगामाचे मोल ठरवताना त्या वर्षी गेटवर बाकी कोण उभे होते, हे आधी पाहावे लागते. नुसत्या विजयांच्या आकड्यांवरून लावलेली क्रमवारी म्हणूनच फसवी ठरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मालिकेत, वरच्या (मोठ्या इंजिनांच्या) गटात, हंगामातील झाडून सगळ्या मोटो जिंकण्याचा पराक्रम तिघांनी मिळून चार वेळा केला आहे : रिकी कारमायकलने २००२ आणि २००४ मध्ये, जेम्स स्टुअर्टने २००८ मध्ये (प्रत्येकी २४ पैकी २४) आणि ऑस्ट्रेलियाच्या जेट लॉरेन्सने २०२३ मध्ये (२२ पैकी २२). कागदावर हे चारही हंगाम सारखेच दिसतात. स्टुअर्टच्या वेळी मात्र कारमायकल निवृत्त झालेला होता आणि पुढे वरचा गट गाजवणारा रायन व्हिलोपोटो अजून छोट्या गटातच जिंकत होता. स्टुअर्टचा वेग वादातीत होता, पण त्याला ताणणारा माणूस त्या रांगेत नव्हता.

लॉरेन्सच्या वाट्यालाही विरळ रांग आली. तगड्या प्रतिस्पर्ध्यांपैकी इलाय टोमॅकच्या टाचेची कंडरा मे महिन्यात डेन्व्हरच्या सुपरक्रॉसमध्ये (स्टेडियममधील मोटोक्रॉस शर्यतीत) तुटली होती आणि चेस सेक्स्टन दुखापतीमुळे काही फेऱ्यांना मुकला. तरी एवढ्यावरून त्याचे यश उतरवणे बरे नव्हे. ४५० सीसी गटातले त्याचे ते पहिलेच वर्ष होते आणि पुढच्याच वर्षी त्याने सुपरक्रॉसचे अजिंक्यपदही पटकावले.

कारमायकलचा सर्वांत भारी हंगाम कोणता, याचे उत्तर लोक बहुधा २००४ असे देतात. प्रस्तुत नोंदीच्या मते ते २००५ आहे. त्या वर्षी तो दोन मोटो हरला, म्हणून ‘निर्दोष’ हंगामांच्या यादीत ते वर्ष येत नाही. पण चॅड रीड आणि केव्हिन विंडम या प्रतिस्पर्ध्यांच्या जोडीला स्टुअर्टही वरच्या गटात आला होता. स्टुअर्ट हंगाम पुरा करू शकला नाही हे खरे, तरी कारमायकलने बाराही फेऱ्यांचे एकूण विजेतेपद घेतले. समोर तगडे स्वार असताना घेतलेली बारा विजेतेपदे, दोन पराभव पोटात घालूनही, जास्त वजनाची ठरतात.

युरोपात तुलना आणखी अवघड होते, कारण तिथे स्वार गटागटांत विभागलेले होते. जोएल रोबेरने २५० सीसीमध्ये सहा जागतिक अजिंक्यपदे मिळवली (१९६४ आणि १९६८ ते १९७२), तर रॉजर द कॉस्टरने ५०० सीसीमध्ये पाच (१९७१–७३, १९७५, १९७६). दोघेही बेल्जियमचे. १९७१ आणि १९७२ मध्ये दोघेही सुझुकीवर एकाच वेळी जगज्जेते होते आणि अजिंक्यपदासाठी एकमेकांशी झुंजलेच नाहीत. त्या काळी फॅक्टरीने खास घडवलेली गाडी आणि दुकानात मिळणारी गाडी यांत प्रचंड अंतर असे. गेटवर माणसे पुष्कळ असली तरी जिंकू शकणारी यंत्रे मूठभरच. अमेरिकेत १९८६ पासून विक्रीच्या गाडीवरच आधारलेली यंत्रे वापरण्याचा नियम आला आणि ही दरी बरीच बुजली.

गट पाडल्याने काय होते, हे स्टेफान एव्हर्ट्सच्या कारकिर्दीत दिसते. त्याच्या नावावर दहा जागतिक अजिंक्यपदे आणि १०१ ग्राँप्री (जागतिक मालिकेतील फेरी) विजय आहेत. २००१ आणि २००२ मध्ये तो ५०० सीसीचा विजेता होता, त्याच दोन वर्षी मिकाएल पिशाँ २५० सीसीचा. दोघांत सरस कोण, याचा निकाल तेव्हा लागू शकत नव्हता. २००३ मध्ये दोघे मुख्य गटात समोरासमोर आले आणि एव्हर्ट्स जिंकला. त्याच वर्षी फ्रान्समधील एर्नेला त्याने एका दिवसात तीन वेगवेगळ्या गटांत विजय मिळवले. २००६ मध्ये निवृत्त होताना त्याने १५ पैकी १४ ग्राँप्री खिशात घातल्या होत्या.

समोर कोण होते, हाच निकष पुढे नेला तर जेफ्री हर्लिंग्सचा २०१८ चा हंगाम कदाचित सगळ्यांच्या वर ठेवावा लागेल. आदल्या वर्षी नववे जागतिक अजिंक्यपद मिळवलेला अंतोनियो कैरोली पूर्ण बहरात होता, गुणतक्त्यात दुसराही तोच आला. सरावात गळपट्टीचे हाड मोडल्यामुळे हर्लिंग्सची एक ग्राँप्री बुडाली. उरलेल्या १९ पैकी १७ त्याने जिंकल्या आणि दोनदा दुसरा आला. अर्जेंटिनातील पहिल्याच ग्राँप्रीत कैरोली पुढे असताना शेवटच्या लॅपांमध्ये त्याने त्याला गाठले. थकव्याच्या त्या मिनिटांत कळते की आघाडीवरचा दबावाखाली होता की मोकळा धावत होता. एव्हर्ट्सचा १०१ विजयांचा विक्रमही हर्लिंग्सने २०२३ मध्ये मोडला.

देशादेशांची पातळी ताडायला ‘मोटोक्रॉस दे नासियाँ’ ही सांघिक स्पर्धा उपयोगी पडते. १९८१ मध्ये अमेरिकेने डॅनी लापोर्ट, जॉनी ओमारा, चक सन आणि डॉनी हॅन्सन हा होंडाच्या स्वारांचा संघ पाठवला. संघाची सूत्रे द कॉस्टरकडे होती. मार्क बार्नेट, केंट हॉवर्टन, ब्रॉक ग्लोव्हर या त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्यांपैकी संघात एकही नव्हता. तरी तो जिंकला आणि पुढे १९९३ पर्यंत सलग तेरा वर्षे करंडक अमेरिकेकडे राहिला. दुसऱ्या फळीनेही युरोपला हरवावे, यापेक्षा अमेरिकेतल्या चुरशीचा भक्कम पुरावा सापडणे कठीण. पुढे पारडे फिरले : २०११ नंतर अमेरिकेला पुढचा विजय थेट २०२२ मध्ये मिळाला.

या सगळ्या हिशेबात दुखापतीचा वाटा कधी नजरेआड करता येत नाही. २०१४ मध्ये एमएक्स-२ या छोट्या गटात हर्लिंग्स मोठ्या आघाडीवर असताना त्याच्या मांडीचे हाड मोडले. अनेक फेऱ्या हुकल्यावर तो मेक्सिकोतील शेवटच्या फेरीला तशाच पायाने उतरला आणि चार गुणांनी अजिंक्यपद गमावून बसला. विजेता ठरला फ्रान्सचा जॉर्डी टिक्सिए.