ताळा आणि प्रत : 'रेड' साठवणपद्धतीच्या पातळ्यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रवेश, परीक्षा, शुल्क व ग्रंथालय यांच्या नोंदी आता बहुतांशी संगणकावर असतात. सर्व्हर खरेदीच्या दरपत्रकात 'रेड 1', 'रेड 5', 'रेड 10' असे शब्द येतात आणि खरेदी समितीवरील इतिहासाचा किंवा वाणिज्याचा प्राध्यापक पुढच्या रकमेवर नजर टाकून सही करतो. वास्तविक हा प्रश्न त्याच्याच विषयाचा आहे. नोंद हरवली तर ती कशी परत मिळवावी, आणि त्यासाठी आधी किती खर्च सोसावा, हा दफ्तराचा जुना प्रश्न आहे.

मराठी दफ्तरव्यवस्थेत त्याला दोन उत्तरे होती. पहिले उत्तर म्हणजे नक्कल. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे आणि त्यावर सरकारी दफ्तर, अशी रचना असल्याने एकाच बाबीचा उल्लेख एकाहून अधिक ठिकाणी सापडे. दुसरे उत्तर म्हणजे ताळा. एखाद्या पानावर 12, 7, 9 आणि 15 असे चार आकडे व खाली बेरीज 43 असेल, आणि वाळवीने 9 हा आकडा खाल्ला, तर उरलेल्या तिन्हींची बेरीज 34 वजा करून तो परत मिळतो. नकलेला मूळ मजकुराइतकाच कागद लागतो, ताळ्याला फक्त एक ओळ पुरते. मात्र दोन आकडे गेले की ताळा निरुपयोगी ठरतो. 'रेड'च्या सर्व पातळ्या या दोन कल्पनांच्या निरनिराळ्या मांडण्या आहेत.

बर्कलेचा निबंध

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी 1988 साली शिकागो येथील परिषदेत 'रिडंडंट अ‍ॅरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' या कल्पनेचा निबंध सादर केला. (पुण्यात सी-डॅकची स्थापनाही त्याच वर्षी झाली, हा योगायोग असला तरी काळाची कल्पना येण्यास उपयोगी आहे.) मोठ्या संगणकांसाठी आयबीएमची साडेसात हजार मेगाबाइटची महागडी डिस्क होती; दुसरीकडे वैयक्तिक संगणकांमुळे शंभर मेगाबाइटच्या लहान डिस्क स्वस्त झाल्या होत्या. अनेक लहान डिस्क एकत्र जोडल्या तर वेग वाढेल आणि खर्च कमी होईल, असा लेखकांचा युक्तिवाद होता. अडचणही त्यांनीच दाखवली. एका डिस्कचे सरासरी आयुष्य 30,000 तास धरले, तर शंभर डिस्कच्या संचात पहिला बिघाड सरासरी 300 तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत होणार. तेव्हा जादा डिस्क राखणे हा चोखंदळपणा नव्हता. त्यावाचून ती योजनाच उभी राहत नव्हती.

कल्पना सर्वस्वी नवी होती असे म्हणता येणार नाही. आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना हरवलेली माहिती पुन्हा उभी करण्याच्या पद्धतीचे पेटंट 1978 मध्ये मिळाले होते, आणि टँडेम कंपनीच्या यंत्रांत डिस्कच्या जोड्या त्याआधीच वापरात होत्या. बर्कलेच्या लेखकांचे श्रेय वर्गीकरणाचे आहे. विखुरलेल्या पद्धतींना त्यांनी क्रमांक दिले आणि त्यामुळे त्यांची तुलना शक्य झाली. इतिहासात नामकरणाचे मोल पुष्कळदा शोधाइतकेच असते.

पातळ्यांची तुलना

मूळ निबंधात पाच पातळ्या होत्या. पहिली शुद्ध नकलेची: प्रत्येक डिस्कला जुळी डिस्क. दुसरी हॅमिंग यांच्या 1950 च्या दोषशोधक संकेतावर आधारलेली होती. बिघडलेली डिस्क कोणती हे नियंत्रक स्वतःच सांगू लागल्यावर तिची गरज उरली नाही. तिसऱ्या व चौथ्या पातळीत ताळ्यासाठी, म्हणजे पॅरिटीसाठी, एक स्वतंत्र डिस्क राखलेली असते. परिणामी प्रत्येक लेखनासाठी त्याच एका डिस्कपुढे रांग लागते. सगळ्या तलाठ्यांनी एकाच अव्वल कारकुनाकडे यावे तसे. पाचव्या पातळीने हे काम सर्व डिस्कवर वाटून दिले. 'शून्य' पातळी, जीत संरक्षण मुळीच नाही, आणि दुहेरी ताळ्याची सहावी पातळी ही नावे नंतर रूढ झाली. पुढे 'स्वस्त' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'स्वतंत्र' या अर्थाचा 'इंडिपेंडंट' आला. विक्रेत्यांना आपल्या महाग मालावर 'स्वस्त' ही चिठ्ठी परवडणारी नव्हती, असे मानण्यास जागा आहे.

एक टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या तर पाचव्या पातळीत तीन टेराबाइट जागा मिळते. सहाव्या पातळीत व दहाव्या (जोड्यांच्या) रचनेत दोन. जागा सारखी असली तरी शेवटच्या दोहोंत भेद आहे. सहावीत कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचते. दहावीत दोन डिस्क जाण्याच्या सहा शक्यतांपैकी चारच निभावतात. एकाच जोडीतील दोन्ही गेल्या तर सर्व संपले. उलट लहानशी नोंद बदलण्यासाठी पाचव्या पातळीत जुनी माहिती व जुना ताळा वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे, अशी चार कामे पडतात; सहावीत सहा, तर दहावीत फक्त दोन. परीक्षा विभागाच्या सतत बदलणाऱ्या नोंदींना जोड्या सोयीच्या आणि ग्रंथालयातील छायाप्रतींना ताळा पुरेसा, हा भेद यातून निघतो.

डिस्क वाढल्या तशी पाचव्या पातळीची प्रतिष्ठा घटली. साध्या डिस्कसाठी उत्पादक जी मर्यादा देतात तीनुसार सुमारे साडेबारा टेराबाइट वाचनात एखादी न वाचता येणारी चूक संभवते. चार टेराबाइटच्या चार डिस्कपैकी एक गेली तर पुनर्रचनेसाठी उरलेले बारा टेराबाइट पूर्ण वाचावे लागतात. प्रत्यक्षातील डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्या निघतात, पण एका ताळ्यावर भिस्त ठेवण्याचे दिवस गेले. शिवाय एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच वयाच्या डिस्क सोलापूरच्या उन्हाळ्यात एकाच खोलीत तापत असतात; त्यांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात हे गृहीतक अशा वेळी डळमळते.

खरी प्रत कोणती

दोन प्रती आहेत, दोन्ही वाचता येतात, पण मजकूर भिन्न आहे, अशा वेळी पहिली पातळी मुकी राहते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी 1,259 हस्तलिखिते ताडून पाहिली. वि. स. सुकथनकरांनी बहुमत मोजले नाही. कोणती प्रत कोणत्या परंपरेतून उतरली हे पाहून पाठ ठरवला. डिस्कच्या जगात ही सोय उशिरा आली. सन कंपनीच्या 2005 मध्ये खुल्या झालेल्या 'झेडएफएस' या प्रणालीने प्रत्येक खंडाची खूणसंख्या त्या खंडापासून वेगळी जपली. त्यामुळे दोन प्रतींपैकी भ्रष्ट कोणती हे ओळखता येऊ लागले.

याच संस्थेवर 5 जानेवारी 2004 रोजी हल्ला होऊन ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. एका छताखालच्या प्रती कितीही असोत, अशा प्रसंगी त्या सर्व एकच ठरतात. 'रेड'च्या कोणत्याही पातळीला हेच लागू आहे: आग, विजेचा झटका किंवा कर्मचाऱ्याने चुकून पुसलेली यादी, यांपुढे दुसरी डिस्क पहिलीचेच निमूट अनुकरण करते. सोलापुरी चादरीचे विणकर जॅकार्डची छिद्रांकित कार्डे मागावर ठेवतात, पण ज्या आलेख कागदावरून ती कापली जातात तो मागावर नसतो. गूगलने 2003 मध्ये वर्णिलेल्या आपल्या साठवणप्रणालीतही ताळा सोडून सरळ तीन प्रती ठेवल्या, आणि त्या वेगवेगळ्या मांडण्यांवरील यंत्रांत विखरून दिल्या.