चिंधी आणि तेल

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, कोयता, अडकित्ता घासूनपुसून पाटावर मांडतात. शेजारचे निवृत्त सुभेदार त्या दिवशी हटकून येतात आणि हळदकुंकू पाहून हसतात. "मास्तर, तुमची पूजा वर्षातून एकदा. आमची रोज असायची. चिंधी आणि तेल!" मला तो पूर्वी विनोद वाटे. व्हिएतनामच्या युद्धाचा इतिहास वाचला, आणि माझे हसू मावळले.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेने आपल्या शिपायांच्या हाती एम-१६ ही नवी रायफल दिली. वजनाला हलकी, माऱ्याला चपळ. तिला फारशी सफाई लागतच नाही, असा समज पसरला. कित्येक पलटणींना सफाईचे साहित्यही पुरेसे मिळाले नाही. त्यातच काडतुसांतली दारू बदलली. नवी दारू काजळी अधिक धरी आणि माऱ्याचा वेगही वाढवी. नळीच्या मागच्या ज्या खोबणीत काडतूस बसते, तिला क्रोमचा मुलामा नव्हता. तिथल्या दमट हवेत ती गंजे. मग गोळी सुटली तरी रिकामी पुंगळी आतच रुतून बसे. शत्रू समोर, आणि शिपाई नळीत सळई घालून पुंगळी ठोकतो आहे! ती सळईदेखील प्रत्येकापाशी नसे. १९६७ साली खे सान्हजवळच्या टेकड्यांवर घनघोर लढाई झाली. आपले मेलेले सोबती खोललेल्या रायफलींशेजारी सापडले, असे तिथून बचावलेल्या एका जवानाने घरी लिहिले.

ते पत्र गाजले. त्याच वर्षी इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या समितीने चौकशी केली आणि लष्करी व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. पुढे क्रोमचा मुलामा आला, सफाईचे साहित्य आले. विल आइस्नर या नामांकित चित्रकाराने तर रायफल कशी राखावी, यावर चक्क चित्रकथेची पुस्तिका केली. माझ्यातल्या मास्तराला हे फार भावले. सुधारलेली तीच रायफल पुढे भरवशाची ठरली. पण तोवर ज्यांचे जायचे होते, त्यांचे गेले होते.

शिपायाने हत्यार राखावे, हे खरेच. पण राखायला लागते ते त्याच्या हाती कोणी द्यायचे?

यंदा पूजेनंतर ही हकीकत मी सुभेदारांना सांगितली. ते हसले नाहीत. पाटावरचा अडकित्ता उचलून त्यांनी तो दोनदा उघडला, मिटला, आणि हलकेच म्हणाले, "मास्तर, पोरांना निदान तेल तरी द्यायचं होतं."