भोपाळला समुद्र कसा पाठवायचा?

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर भोपाळहून आतेभावाचा फोन आला. भोपाळात जन्मलेला, तिथेच वाढलेला हा दादा बँकेतून निवृत्त झाला आणि त्याने खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे ठरवले. दोनशे लिटरची काचेची टाकी आणली, मीठ आणले, पंप आणला, मासेही आणले. तीन आठवड्यांत सगळे मासे दगावले. मग कोणी तरी सांगितले की तुमच्या टाकीत 'लाइव्ह रॉक' नाही, म्हणजे जिवंत दगड नाही. लगेच दादाला मी आठवलो.

"अरे, तू गोव्यात राहतोस, समुद्र तुझ्या दारात. दोन गोणी पत्थर पाठवून दे ना. गोवा एक्सप्रेस सरळ इथेच येते."

गाडी खरेच सरळ जाते. वास्कोहून निघून बेळगाव, पुणे, मनमाड, इटारसी करीत दुसऱ्या दिवशी भोपाळ. आणि दगडांना आमच्याकडे काय तोटा? सुकतीच्या वेळी खडपांवर शिनाणी-कालवे काढायला जाणाऱ्यांना विचारा. मी हो म्हणून बसलो. मग मात्र जरा वाचावे म्हटले, आणि या दगडांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हा दगड म्हणजे काय ते पाहू. तो आमच्या खडपांचा कातळ किंवा जांभा दगड नव्हे. प्रवाळ मेल्यावर मागे राहतो तो चुन्याचा सांगाडा. लाटांनी तो मोडतो, तळाशी पडून राहतो आणि त्यावर हळूहळू वस्ती होते. वरून गुलाबी-जांभळ्या शेवाळाचा कडक थर चढतो, भोकाभोकांतून स्पंज, किडे, बारीक झिंगे राहायला येतात. पण खरे काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो, तो विषारी. दगडाच्या पृष्ठभागावर, जिथे प्राणवायू मिळतो तिथे, एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. दगडाच्या पोटात प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुड्यांवाटे हवेत जातो. म्हणजे हा दगड टाकीची मोरी आहे आणि झाडूवालाही. दादाचे मासे का मेले ते यावरून कळावे. घर होते, मोरी नव्हती.

या शौकातले जाणकार दगड निवडतात तोही ऐकण्यासारखा प्रकार आहे. आकाराच्या मानाने हलका हवा, कारण हलका म्हणजे पोकळ, आणि पोकळ म्हणजे जिवाणूंना जागा जास्त. वेडावाकडा हवा, म्हणजे रचल्यावर फटींतून पाणी खेळते. अंगावर गुलाबी-जांभळी कवचे हवीत. नाकाशी धरला तर समुद्राचा वास यायला हवा, नासक्या अंड्याचा नव्हे. भोकांत लपून आलेला कोळंबीसारखा शिकारी किंवा काचेसारखे पारदर्शक उपद्रवी समुद्रफूल नाही ना, तेही पाहायचे. जुना ठोकताळा धरला तर दोनशे लिटरच्या टाकीला पंचवीस ते पन्नास किलो दगड लागतो. 'दोन गोणी' म्हणताना दादाने हिशेब चुकवला नव्हता!

आता इतिहासात जाऊ. या गोष्टीची सुरुवात १८४६ साली इंग्लंडात एका बाईपासून होते. तिचे नाव ॲना थिन. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठा धर्माधिकारी. टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेली असता खडकांवरचे छोटे पेल्यासारखे प्रवाळ तिने पाहिले आणि ते जिवंत घरी न्यायचे मनात घेतले. प्रवासात गडगडून इजा होऊ नये म्हणून तिने ते सुईदोऱ्याने चक्क एका स्पंजावर शिवले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून लंडनला आणले. सुरुवातीला ताजे समुद्रपाणी मागवून बदलत राहिली. पुढे पाणी मिळेना, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे काम मोलकरणीला दिले, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. या मोलकरणीचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. आजच्या टाकीतला हवेचा पंप तिचे काम करतो, एवढीच तिची आठवण. १८४७ मध्ये थिनबाईंनी किनाऱ्यावरून जिवंत समुद्रशेवाळ मागवले, आणि प्रवाळ, शेवाळ व पाणी यांचा संसार लंडनमध्ये सुरू झाला. समुद्र घरात आणायचा तर नुसता प्राणी आणून भागत नाही, त्याचा शेजारही आणावा लागतो, हे तिला उमगले होते.

याच सुमारास फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक डेव्हनच्या किनाऱ्यावर हिंडत होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडले, त्यात त्याचा मोठा हात. १८५४ साली त्याचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि हा शब्दच रूढ झाला. गॉसचा एक सल्ला आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. शेवाळ उपटून आणू नका, ते जगणार नाही. छिन्नी-हातोडा घेऊन जा आणि ज्या दगडाला ते चिकटले आहे तो कपचाच फोडून आणा. दगडासकट समुद्र आणायची ही रीत.

त्याच वर्षी गॉसने समुद्राचे पाणी घरी बनवण्याची कृतीही छापली. त्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियमची दोन लवणे आणि पोटॅशियमचे एक. इथे आम्हा गोवेकरांनी थोडे थांबायला हवे. दादाने मला विचारले होतेच, "तुमचं गावठी मीठ चालेल का रे?" आगरवाडा, नेरूल, रायबंदर इथली मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना उत्तर ठाऊक असायला हवे. कोंडीतले पाणी आटते, मीठ खाली बसते आणि वर कडू पाणी उरते. समुद्रातले बरेचसे मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्या कडू पाण्यातच राहते. मीठ हा समुद्राचा एक भाग, अख्खा समुद्र नव्हे.

गॉसच्या पुस्तकाने इंग्लंडला वेड लागले. विल्यम ॲल्फर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाने लंडनमध्ये समुद्री जीव आणि समुद्रपाणी विकायचे दुकानच थाटले. आगगाड्या सुरू झालेल्या, शहरातली माणसे सुटीत किनाऱ्याला जायची आणि छिन्नी-हातोडा चालवायची. परिणाम व्हायचा तोच झाला. गॉसचा मुलगा एडमंड पुढे मोठा साहित्यिक झाला. १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या 'फादर अँड सन' या पुस्तकात त्याने दुःखाने सांगितले आहे की लहानपणी बापाबरोबर पाहिलेली ती खडकातली जिवंत तळी संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून उजाड केली, आणि बापाला याची फार खंत होती. ज्याने लोकांना किनाऱ्यावर प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिकवणीने किनारा रिकामा झाला.

आपल्याकडे सार्वजनिक मत्स्यालये आली ती समुद्रकाठच्या शहरांत. मद्रासला १९०९ साली, मुंबईला चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली. दोन्हीकडे समुद्र दारात होता. भोपाळसारख्या शहराचे तसे नाही. जुने भोपाळकर अजून माशाच्या आकाराच्या मत्स्यघराची आठवण काढतात, पण खाऱ्या पाण्याचे मासे समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर घरात ठेवणे ही वेगळीच गोष्ट.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हौशी लोक टाकीत प्रवाळाचे पांढरे धुतलेले सांगाडे शोभेला ठेवत आणि पाणी गाळण्यांतून फिरवत. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लेख लिहिला. त्यांच्या टाकीत गाळणी नव्हतीच. समुद्रातले जिवंत दगड, जिवंत प्रवाळ, आणि हवेचे थोडे बुडबुडे, बस्स. पण जाकार्ता समुद्रावर आहे. पुढे समुद्रापासून दूर असलेल्या बर्लिनमधल्या हौशी लोकांनी ही रीत उचलली, जिवंत दगडाला तीव्र दिवे आणि फेसावाटे घाण काढणारे यंत्र जोडले, आणि ती 'बर्लिन पद्धत' म्हणून जगभर गेली.

आणि मग दगड विमानात बसला. फिजी, टोंगा, इंडोनेशियातून खोकी निघू लागली. पाठवण्याची रीत अशी की दगड पाण्यात बुडवून पाठवायचा नाही. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, थर्माकोलच्या खोक्यात बंद करायचा. ओला राहिला की पुरे. पाण्याचे वजन वाचते, आणि कोंडलेले पाणी नासते तशी दमट हवा नासत नाही. तरीही वाटेत बरेच मरतेच. म्हणून पोचल्यावर दगड वेगळ्या टबात, जोरात फिरणाऱ्या खाऱ्या पाण्यात कित्येक आठवडे ठेवतात, मेलेले खरवडून काढतात, आणि दुर्गंधी गेल्यावर, अमोनिया शून्यावर आल्यावरच टाकीत घालतात. इटारसीच्या उन्हात तापलेल्या पार्सलच्या डब्यातून माझ्या दोन गोणी कोणत्या अवस्थेत उतरल्या असत्या याची कल्पना करवत नाही.

इकडे समुद्राने हिशेब मागितलाच. फ्लोरिडाने १९८९ साली आपल्या पाण्यातून जिवंत दगड काढण्यावर बंदी घातली, आणि १९९७ पासून बाहेरच्या संघराज्याच्या पाण्यातही ती लागू झाली. तिथल्या धंदेवाल्यांनी मग खाणीतला चुनखडक ठरवून दिलेल्या जागी समुद्रात नेऊन टाकला, त्यावर वस्ती व्हायची वाट पाहिली, आणि तोच पुन्हा काढून विकायला लागले. आपल्या देशात दगड शौकासाठी नव्हे, चुन्यासाठी गेला. तामिळनाडूच्या मन्नारच्या आखातात वर्षानुवर्षे प्रवाळ खणून चुना आणि सिमेंटसाठी नेला. तिथल्या एकवीस बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली, आणि त्याचे मोठे कारण हे खणणेच मानले जाते.

२००१ साली सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. आम्हा कारकून माणसांना कलमे वाचायची खोड असते, म्हणून सांगतो. या अनुसूचीत वाघ आहे. तिच्यातल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातून सुटत नाही. म्हणजे दादाच्या दोन गोण्या म्हणजे कायद्याच्या हिशेबाने वाघाचे कातडेच.

आणि प्रवाळ काही फक्त लक्षद्वीप-अंदमानात नाही. आमच्या मुरगाव बंदराबाहेरच्या ग्रांदे बेटाभोवती आहे. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक पठार आहे, त्यावरही प्रवाळ आहे. त्या पठाराला नाव आहे आंग्रिया बँक, आपल्या कान्होजी आंग्र्यांचे. इंग्रज-पोर्तुगीजांना ज्याने आपल्या समुद्रात मोकळे फिरू दिले नाही, त्याच्या नावाच्या दगडाला आपणच गोण्या घेऊन भिडायचे काय?

दादाला नाही म्हणणे सोपे गेले नाही. आत्याच्या घरचा मोठा मुलगा, आयुष्यात प्रथमच काही मागतो आहे. "तुला दोन दगड जड झाले?" म्हणाला, आणि महिनाभर फोन नाही. मग मीच केला. म्हटले, "दादा, तुझ्या घरापासून तुझा तलाव किती लांब?"

भोपाळचा बडा तलाव, म्हणजे भोजताल. अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून तो केला अशी परंपरा आहे. म्हणजे तोही माणसाने बांधलेली एक मोठी टाकीच. त्यात कोणी दगड-शेवाळ पार्सलने मागवले नव्हते. पाणी अडवले, आणि जीव आपल्या पावलांनी, आपल्या पंखांनी आले. २००२ साली त्या पाणथळीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत जागा मिळाली. बांधलेले पाणी जिवंत होते. त्याला काळ द्यावा लागतो, इतकेच.

आता उपायही आहे. खाणीतला कोरडा सच्छिद्र चुनखडक किंवा भाजलेला कृत्रिम दगड मिळतो, जिवाणू बाटलीतून मिळतात. टाकीत घालायचे, अमोनिया मोजत राहायचे, आणि मासे न घालता थांबायचे. गुलाबी थर चढायला कित्येक महिने लागतात. एका थिनबाईंच्या पेल्याएवढ्या प्रवाळासाठी किनारा ओरबाडण्यापेक्षा हे बरे.

दादाने तसे केले. परवा फोन आला, आवाज रडवेला. "अरे, पांढरे शुभ्र पत्थर होते, सगळे तपकिरी झाले. घाण झाली सारी."

मी म्हटले, "ते सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत पहिल्यांदा तेच येतं. दादा, पुसू नकोस. तुझ्याकडे पहिला भाडेकरू आलाय."