हिमॅटोलॉजिस्ट की ऑन्कोलॉजिस्ट? डॉक्टरच्या पाटीवरची पदवी कशी वाचायची?

लासूर स्टेशनच्या लॅबमध्ये सीबीसी केली आणि रिपोर्टवर ‘ब्लास्ट’ असा शेरा आला, तर डॉक्टर रुग्णाला लगेच संभाजीनगरला पाठवतात. ब्लास्ट म्हणजे रक्ताच्या कच्च्या पेशी. त्या अस्थिमज्जेत असतात, रक्तात सहसा दिसत नाहीत. दिसल्या तर तीव्र ब्लड कॅन्सरची शंका घेतात आणि अशा वेळी एकेक दिवस मोलाचा असतो. शहर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. खरी अडचण तिथे पोहोचल्यावर येते: नेमकं कोणाला दाखवायचं?

एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं लागतात, त्यानंतर एमडीची तीन वर्षं. इथपर्यंत तयार होतो तो फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ. पुढे नीट-एसएस ही परीक्षा देऊन आणखी तीन वर्षांचं डीएम करावं लागतं. म्हणजे बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षं, तीही प्रत्येक प्रवेश परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर. डीएमच्या तोडीची दुसरी पदवी म्हणजे डीआरएनबी. ‘फेलोशिप’चं मात्र तसं नाही. काही फेलोशिप दर्जेदार असतात, पण त्यांचा कालावधी आणि अभ्यास वेगवेगळा असतो, त्यामुळे पाटीवर नुसतं ‘फेलोशिप’ असेल तर ती कुठली, किती काळाची, हे विचारायला लाजू नका.

भारतात इथे दोन वाटा फुटतात. डीएम क्लिनिकल हिमॅटोलॉजी केलेला डॉक्टर रक्ताचे सगळे आजार बघतो. त्यात ल्युकेमिया येतो, पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे कॅन्सर नसलेले आजारही येतात. डीएम मेडिकल ऑन्कोलॉजीवाला स्तन, फुप्फुस, तोंड अशा सगळ्याच कॅन्सरवर औषधोपचार करतो. ल्युकेमिया आणि लिम्फोमा या दोघांच्या सामाईक बांधावर आहेत, म्हणून दोघंही ते हाताळतात. अमेरिकेत बहुतेक डॉक्टर दोन्ही विषय एकाच तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये शिकतात. इंटरनेटवर ‘हिमॅटोलॉजिस्ट-ऑन्कोलॉजिस्ट’ असा जोडशब्द दिसतो तो त्यामुळे. गाठ कापणारा सर्जन एमसीएच असतो. रेडिएशन देणारा डॉक्टर मात्र एमबीबीएसनंतर थेट त्याच विषयात एमडी करतो, त्याच्या नावापुढे डीएम नाही म्हणून तो कमी शिकलेला ठरत नाही.

या तीन वर्षांत शिकतात काय? कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढणं, तिची स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली वाचणं, केमोचा डोस रुग्णाची उंची आणि वजन धरून ठरवणं. पण सर्वात मोठा धडा असतो पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला जंतुसंसर्गातून वाचवण्याचा. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा तर स्वतंत्र अभ्यास.

भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली झालं. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवरूनच काम करत आले. प्रत्यारोपणाचं प्रशिक्षण त्यांनी अमेरिकेत सिएटलला जाऊन घेतलं, कारण तेव्हा ते देशात मिळत नव्हतं. आज टाटा मेमोरियलमध्येच डीएमचे विद्यार्थी घडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून सुरू आहे आणि त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

केमो सुरू झाली की घरी थर्मामीटर हवाच. ताप १०० च्या पुढे गेला तर गावातल्या गोळीवर रात्र काढू नका. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या: रात्री ताप आला तर फोन कोणत्या नंबरवर करायचा आणि थेट कुठे यायचं?