वसूल, तगाई आणि वऱ्हाडाचा हिशेब

दर महिन्याला पगाराची स्लिप हातात आली की त्यातली एक ओळ डोळ्यांत भरते : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत तो ३०० होतो. म्हणजे वर्षाचे २५०० रुपये. या कपातीवर स्टाफरूममध्ये आम्ही सगळेच कुरकुर करतो. पण हा कर बसवला कशासाठी, हे मला बी.एड. करून नोकरीला लागल्यावरही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. ते कळले आणि आपल्या वऱ्हाडाचा इतिहास मी नव्याने वाचायला घेतला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे शब्दांचे मूळ शोधायची खोड आहे. सरकारी कारभारातले आपले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. 'वसूल' म्हणजे पोहोचणे. उर्दू शायरीतला 'विसाल' याच कुळातला. 'रयत' म्हणजे ज्यांची राखण करायची ते. आणि 'तगाई', म्हणजे शेतकऱ्याला बी-बैलासाठी दिलेले सरकारी कर्ज, हा 'कुव्वत'चा नातेवाईक. तगाई म्हणजे बळ देणे. राज्याचा एक हात घेणारा आणि एक देणारा, हे या शब्दांतच आहे. वऱ्हाडाला मात्र घेणाराच हात जास्त अनुभवायला मिळाला.

सन १८५३. निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या 'हैदराबाद कंटिन्जंट' फौजेचा पगार थकला होता. त्या कर्जापोटी डलहौसीने तह करून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. महसुलातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवायचा आणि उरेल ते निजामाला द्यायचे, असे ठरले. १८६०च्या दुसऱ्या तहात कर्जाचे ५० लाख माफ झाले, पण त्याच तहात निजामाने वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडला. पुढे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मिळावे म्हणून झटत राहिले. १८७६मध्ये ते विलायतेलाही जाऊन आले. पण उपयोग झाला नाही.

हा वाद आपण निजाम विरुद्ध इंग्रज असा वाचतो. मला त्यात तिसरा माणूस दिसतो. अकोल्याचा कुणबी, अचलपूरचा विणकर, गावोगाव कापूस पिंजणारा पिंजारी. पैसा त्यांचा. त्यांना हिशेब ना निजामाने दिला, ना इंग्रजांनी.

१८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. कापसाला सोन्याचा भाव आला. भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. अमरावतीला आणि खामगावला फाटे निघाले. रेल्वे कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. कमी पडेल ते सरकारी तिजोरीतून भरायचे, म्हणजे शेवटी रयतेच्याच खिशातून. विहिरी-तलावांवर मात्र खर्च फारच थोडा झाला. विलायती भांडवलाला हमी, शेताला पाण्याची हमी नाही.

कापडाचेही तेच. १८७७मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. हिंदी गिरण्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा १८९६मध्ये सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. का, तर विलायती कापडावर आयात कर आहे, मग मँचेस्टरवर अन्याय नको!

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. तो सरतो न सरतो तोच १८९९-१९००चा. रेल्वेने धान्य आणता येत होते, पण पीक बुडाले आणि मजुरी संपली, तेव्हा ते घ्यायला खिशात पैसा कुठला? जनगणनेत १८९१ला वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ला ती साडेसत्तावीस लाखांवर आली. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९०२मध्ये, कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमचे भाडेपट्ट्याने घेतले. १९३६पासून निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. नाव त्याचे, महसूल दुसऱ्याचा.

आता माझ्या २०० रुपयांकडे येतो. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. कल्पना वि. स. पागे यांची. मागेल त्याला काम, ही भीक नव्हे, हक्क. पण पैसा आणायचा कुठून? त्यासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला. पगारदार, वकील, व्यापारी यांनी भरायचा, आणि तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ला कायदा झाला, १९७९ला लागू झाला. २००५च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता. मुंबईतल्या बाबूच्या पगारातून कापलेला पैसा मेळघाटातल्या मजुराच्या हातात पडावा, अशी ही व्यवस्था. वऱ्हाडाच्या इतिहासात प्रवाह उलटा वाहण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तगाई या शब्दाचा खरा अर्थ मला इथे सापडतो.

म्हणून सगळे ठीक झाले असे नाही. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे वचन दिले होते. तीस वर्षांनी दांडेकर समितीला अनुशेष मोजावा लागला. १९९४ला वैधानिक विकास मंडळे आली. २०२०मध्ये त्यांची मुदत संपली. मधल्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, आणि २००६मध्ये अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज आले. आग लागल्यावर पाणी टाकणे वेगळे, आणि घराशेजारी विहीर खणणे वेगळे.

आपल्या समाजात बजेट हा श्रीमंतांचा आणि टीव्हीवाल्यांचा विषय समजला जातो. पण काडेपेटी घेणारा मजूरही कर भरतो. मग हिशेब विचारायला आपण का लाजावे? ग्रामसभेत, वॉर्डात, शाळेच्या व्यवस्थापन समितीत एकच प्रश्न विचारून पाहा : आपल्या नावावर किती आले आणि कशावर गेले?

१८६०ला एका राजाने हिशेब मागायचा हक्क सोडला. त्याची किंमत राजाने नव्हे, रयतेने मोजली. आता राजा नाही. हक्क आपला आहे, तो आपण सोडू नये.