लदेणी आणि पेढी

आमच्या दारव्हा भागात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे : ‘मारवाडी आला तेव्हा त्याच्याजवळ लोटा आणि दोरी होती, आज त्याची माडी पाहा.’ हे वाक्य बहुधा एकटे येत नाही. त्याच्या मागोमाग, कधी उघड तर कधी नुसत्या नजरेने, दुसरे येते : ‘आणि तुमचे तांडे पाहा.’ शाळेत असताना एका गुरुजींनी हे दुसरे वाक्य भर वर्गात माझ्याकडे पाहून म्हटले होते. मी तांड्यावरचा मुलगा. माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र मारवाडी अडत्याचा मुलगा. आम्ही दोघेही खाली मान घालून बसलो होतो, हे मला अजून आठवते.

पुढे मी इतिहास शिकवला आणि शिकवता शिकवताच निवृत्त झालो. गुरुजींच्या त्या वाक्याचे उत्तर मात्र द्यायचे राहून गेले होते. ते देण्याचा हा प्रयत्न.

प्रश्न साधा आहे. यवतमाळ जिल्ह्यात मारवाडी आणि बंजारा हे दोन्ही समाज बाहेरून आलेले. दोघांच्याही कथांत मूळ मुलूख एकच येतो, राजस्थान. आमच्या गोरमाटी बोलीत आजही मारवाडीशी जुळणारे कितीतरी शब्द आहेत. दोघांचाही मूळ धंदा नांगराचा नव्हता, व्यापाराचा होता. तरीही शे-दीडशे वर्षांनंतर एकाकडे जिनिंग-प्रेसिंग आणि अडत आली, तर दुसऱ्याकडे कोरडवाहू बरड, सालदारकी आणि दिवाळीनंतरची उसतोड. लोक याचे उत्तर अंगच्या गुणांत शोधतात : एक काटकसरी, दुसरा उधळ्या. मला ते उत्तर कधीच पटले नाही.

आधी आमची लदेणी. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ दूरवर नेण्याच्या धंद्याला आम्ही लदेणी म्हणतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तरेत बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले सुमारे १४,००० बैल असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानेही असेच हजारो बैलांचे तांडे पाहिले. मोगलांच्या दख्खन मोहिमांना रसद पोहोचवणारे बंजारेच होते. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली मराठ्यांविरुद्ध लढत अडगाव आणि गाविलगडापर्यंत वऱ्हाडात आला, तेव्हा त्याचे सैन्यही बंजाऱ्यांच्या धान्यावर अवलंबून होते. रस्ते नव्हते, नद्यांवर पूल नव्हते. बैलाच्या पाठीशिवाय हा देश चालत नव्हता.

वऱ्हाडचा कापूसही आधी असाच जात असे, पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला. मुंबईकडे तो वळला नंतर. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवला, तोही ५०० बैलांच्या पाठीवरून. म्हणजे कापसाच्या बाजारात बंजारा नंतर शिरला असे नाही. तो पहिल्यापासून त्या बाजारात होता. फक्त कापूस त्याच्या मालकीचा नव्हता. वाहतूक त्याची होती.

इथेच सगळा फरक आहे. बंजाऱ्याचे भांडवल चार पायांचे होते. त्याला कुरण लागे, पाणी लागे, आणि ते दुष्काळात मरे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रूळ पडले, दारव्ह्यावरूनच. तीच आपली ‘शकुंतला’. लोक तिच्याबद्दल हळवे होऊन बोलतात. माझी आजी मात्र तिला ‘बैलखाऊ’ म्हणायची. आजीच्या आजोबांनी लदेणीचे शेवटचे फेरे पाहिले होते. रेल्वेच्या वाटेवर आधी फेरे कमी झाले, मग बैल विकले गेले, मग तांडा एका टेकडीच्या पायथ्याशी कायमचा थांबला.

थांबायला जागा कोणती मिळाली, हेही पाहायला हवे. वऱ्हाडात १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. पूस, अडाण, वर्धा या नद्यांकाठची काळी जमीन तेव्हा जुन्या शेतकऱ्यांच्या वहितीत होतीच. उशिरा थांबलेल्यांच्या वाट्याला पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या डोंगरउतारावरची मुरमाड आली. त्याच सुमारास जंगले राखीव झाली आणि चराईवर पैसे बसले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी उरलीसुरली गुरे नेली.

आणखी एक ओझे पाठीवर आले. ज्या फिरण्यामुळे आम्ही एकेकाळी सैन्याला हवेसे होतो, त्याच फिरण्यामुळे आता संशयित झालो. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. १८८२ मध्ये गुंथॉर्प या पोलीस अधिकाऱ्याचे मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वरचे पुस्तक निघाले, आणि त्यात बंजारे आहेत. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजाऱ्यांना ‘विमुक्त जाती’ हे नाव मिळाले, ते यातूनच. ज्याच्यावर पोलिसांची नजर, त्याला बाजारात उधारी कोण देणार? दिलीच तर कोणत्या दराने?

आता मारवाडी. इथे ‘लोटा-दोरी’ हा शब्दप्रयोग जरा सोडवून पाहू. लोटा-दोरी घेऊन आलेला तरुण खरा होता, पण तो एकटा नव्हता. आधी येऊन बसलेल्या जातभाईच्या पेढीवर तो मुनिमाच्या हाताखाली लागे. राहण्या-जेवण्याची सोय बहुधा तिथेच, किंवा समाजाने चालवलेल्या बाशात होई. नामे-जमा आणि हुंडी शिकला की चार-सहा वर्षांत त्याला थोडी भागी किंवा उधारीवर माल मिळे, आणि तो पुढच्या गावी स्वतःची गादी मांडी. वर्ध्याचे जमनालाल बजाज सीकरजवळच्या खेड्यातून बच्छराज शेठजींना दत्तक आले, हे सर्वांना ठाऊक आहे. बिकानेरच्या बन्सीलाल अबीरचंद यांची पेढी नागपूर-कामठीत किती पसरली होती, हेही. ही टोकावरची नावे. त्यांच्या खाली शेकडो लहान दुकानदार होते. पण धागा एकच : ओळख, नाते आणि पत. बिकानेरचा सावकार कामठीतल्या माणसावर विश्वास ठेवू शकत होता, कारण त्याचे घर, सोयरे, देऊळ सगळे त्याला माहीत होते.

ही गोष्ट फक्त मारवाड्यांची नाही. वऱ्हाडचा कापूस विकत घेणाऱ्या बड्या परदेशी पेढ्यांत राली ब्रदर्स हे नाव येते. हे मूळचे ग्रीक, खिऑस बेटावरचे कुटुंब. लंडनमध्ये पेढी घालून त्यांनी भाऊबंद बंदराबंदरांत बसवले. परक्या मुलखात जाऊन नात्याच्या जोरावर व्यापार उभारणे खिऑसच्या ग्रीकांना जमले, शेखावाटीच्या मारवाड्यांनाही जमले. दोघांचे भांडवल कागदावर मावत होते. हुंडीला चारा लागत नाही. रेल्वे आली तेव्हा बैलाची किंमत उतरली, आणि हुंडी मात्र अधिक वेगाने फिरू लागली.

शिवाय नवा कायदा पेढीच्या बाजूने उभा राहिला. जमीन आता विकता येत होती, गहाण टाकता येत होती, आणि दिवाणी कोर्ट त्या कागदाची अंमलबजावणी करत होते. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ मध्ये जो शेतकरी संरक्षण कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाडी कुळाला सरकारी आधारासाठी १९३३ च्या कर्जतडजोड कायद्याची वाट पाहावी लागली.

इथवरचे सारे मी पुस्तकांतून शिकलो. पुढचे मला माझ्या वर्गमित्राच्या माळ्यावर सापडले.

काही वर्षांपूर्वी त्याने जुने घर पाडायला काढले आणि मला बोलावले. लाल कापडात बांधलेल्या वह्यांचा ढीग होता. अक्षर मुडिया, काना-मात्रा नाहीत. त्याच्या नव्वदी गाठलेल्या काकाजींनी ते वाचून दाखवले. एका खात्यावर आमच्या तांड्याचे नाव होते आणि माझ्या पणजोबांचे. बैलजोडीसाठी रक्कम, पेरणीला ज्वारी दिढीने, म्हणजे एक पायली नेली तर दीड परत. परतफेड कापसाने. तीन पानांनंतर खाते बंद आणि शेजारी एका शेताची नोंद. ते शेत आजोबा मला लांबून दाखवत असत. ते आमचे होते, एवढेच सांगत.

माझा आवाज चढला असावा. काकाजींनी शांतपणे दुसरी वही उघडली. तिच्यात मित्राच्या पणजोबांचे स्वतःचे खाते होते, खामगावच्या एका अडत्याकडचे. तेही व्याज भरत होते. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले, तेव्हाच्या पानांवर बाकी चढतच गेलेली. मित्र म्हणाला, ‘‘अरे, तुझा पणजोबा आमच्या दारात, आमचा खामगावच्या दारात, अन् खामगाव मुंबईच्या दारात.’’

मी विचारले, ‘‘मग तुमचं शेत कोण घेऊन गेलं?’’

तो थोडा थांबला. म्हणाला, ‘‘कोणी नाही नेलं. अकोल्याच्या मामांनी हमी घेतली.’’

मला हवे होते ते उत्तर या एका वाक्यात आहे असे मला वाटते. मंदी दोघांवरही आली. एकाच्या मागे हमी घेणारा मामा होता. माझ्या पणजोबांचे मामा पुढच्या तांड्यावर होते आणि त्यांचे शेतही गहाणच होते. काटकसर दोघांच्या घरी सारखीच होती. आमच्या घरी तर तिच्याशिवाय दुसरे काही नव्हते.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. इतका सलग काळ त्या पदावर तोवर कुणी राहिले नव्हते. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. वसंतरावांच्याच कारकिर्दीत १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तिचा हेतू कापसाच्या साखळीतला मधला दुवा काढण्याचा होता. तांड्यात जन्मलेल्या माणसाने पेढीचा कापूस सरकारी केंद्रावर वळवला. त्या काळात माझ्या मित्राच्या वडिलांनी अडत सोडून आधी कापडाचे आणि मग खतांचे दुकान घातले. धंदा बदलता आला, कारण पत शाबूत होती.

आमच्याकडे सत्ता आली, आणि तिच्याबरोबर आश्रमशाळा, वसतिगृहे, नोकऱ्याही आल्या. मी स्वतः त्यांचे फळ आहे. पण सत्ता हमी घेणाऱ्या मामाची जागा तांड्या-तांड्यावर घेऊ शकली नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले, त्यात यवतमाळ होते. मुरमाड कोरडवाहूचे ओझे नाईकांच्या नावाने हलके झाले नव्हते.

तुलना करताना सरकारी आकड्यांचीही मदत होत नाही. १९३१ नंतर जनगणनेने अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांचे जातवार आकडे प्रसिद्ध केले नाहीत, आणि महाराष्ट्रातला बंजारा त्या दोन्ही याद्यांत नाही. पैनगंगेपलीकडे तेलंगणात आमचेच सोयरे १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. एकाच घरातली मुलगी नदी ओलांडून सासरी गेली की तिची मुले वेगळ्या यादीत मोजली जातात. म्हणून मी माझी मोजपट्टी साधी ठेवली आहे. एक पीक बुडाले तर घर किती दिवस तग धरते? मित्राच्या घरी याचे उत्तर वर्षांत मिळते, माझ्या चुलतभावाच्या घरी आठवड्यांत. यात सगळेच मारवाडी श्रीमंत नाहीत, हेही खरे. माझ्या मित्राचा धाकटा भाऊ एका दुकानात पगारावर हिशेब लिहितो. पण तो पडला तेव्हा त्याला ती नोकरी एका नातलगानेच दिली.

घर पाडण्याआधी मित्राने ती वही मला देऊ केली. घ्यावी की नाही, ठरेना. शेवटी त्या तीन पानांची छायाप्रत घेतली आणि वही त्याच्याकडेच ठेवली. ती दोघांचीही आहे. गुरुजी आता नाहीत. असते तर मी ती पाने त्यांच्यासमोर ठेवली असती, पणजोबांच्या खात्याची आणि खामगावच्या खात्याची शेजारी शेजारी, आणि म्हटले असते : गुरुजी, आता पुन्हा एकदा माडीकडे आणि तांड्याकडे पाहा.