पुरावा कुठे मागावा?



शंभर वर्षांच्या वाटचालीत आपल्या दिंडीला जे प्रश्न विचारले गेले त्यांत एक प्रश्न कधी जुना झाला नाही : ‘देव आहे याला पुरावा काय?’ पूर्वी तो गावच्या पारावर निघायचा, आता आपल्याच घरातली शिकली-सवरली मुले विचारतात. ‘एकदा वारीला चल, आपोआप कळेल,’ असे म्हणून आपण वेळ मारून नेतो. पण शताब्दीच्या ग्रंथात तरी तसे करून चालायचे नाही.

पहिली गोष्ट ही, की वारकऱ्याला पुराव्याचे वावडे नाही. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. लोकांना अभंग पाठ होते, लोकगंगेने ते तारले, असेही सांगणारे आहेत. पण १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन भाग निघाले, तेव्हा संपादक पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखित वह्या ताडून पाहिल्या. सरकारने त्या कामाला २४,००० रुपये दिले होते. कोणता पाठ खरा, हे वह्या पाहूनच ठरवायचे. ते श्रद्धेने ठरत नाही. तसे ठरवल्याने कुणाची भक्तीही उणी झाली नाही.

गाथेच्या या छपाईनंतर थोड्याच वर्षांनी, १८७७ मध्ये, विलायतेत क्लिफर्ड नावाच्या गणितज्ञाने आपला हाच प्रश्न फार कडक शब्दांत मांडला. त्याने एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुने झालेले, डागडुजीला आलेले. मालकाला शंका येते, पण तो मनाची समजूत घालतो : इतक्या सफरी झाल्या, देव सांभाळेल. बायका-मुलांसह माणसे घेऊन जहाज निघते आणि भर समुद्रात बुडते. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास मनापासून होता, तरी तो दोषी. आणि जहाज सुखरूप पोचले असते तरी दोषीच. पुराव्याविना विश्वास ठेवण्याचा हक्कच त्याला नव्हता.

आपण हे मान खाली घालून ऐकावे असे आहे. असे जहाज आपल्याही वाटेवर होते. पंढरीच्या यात्रेत कॉलरा पसरायचा आणि वारकऱ्यांबरोबर गावोगाव जायचा. ‘विठ्ठलाच्या दारी कसला रोग?’ असे म्हणणारी माणसे भाविक होती, पण त्यांची चूक दुसऱ्यांच्या लेकरांना भोवत होती. पुढे टोचून घेतल्याशिवाय यात्रेकरूंना पंढरपुरात जाऊ देत नसत. २०२० मध्ये संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या आणि आपण घरी बसून हरिपाठ म्हटला. त्यात भक्ती कमी पडली असे कुणाला वाटले नाही.

आणि दलितांच्या प्रवेशाने देव बाटतो, या समजुतीला तरी कसला पुरावा होता? मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात १० दिवस पंढरपुरात उपोषण केले. तोवर चोखोबांच्या माणसांना पायरीपाशीच थांबावे लागत होते.

मग क्लिफर्डचेच खरे मानायचे का? अमेरिकेतल्या विल्यम जेम्स याने १८९६ मध्ये त्याला उत्तर दिले. काही प्रश्न असे असतात की त्यांचा निकाल पुराव्याने लागत नाही, आणि न ठरवता बसणे हेसुद्धा एक ठरवणेच असते. आपल्या भाषेत सांगायचे तर, ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. ‘पुरावा मिळाला की निघेन,’ म्हणणारा घरीच राहतो. राहू दे, त्याचा राग नाही. पण त्यानेही एक बाजू निवडलीच, आणि तीही पुराव्याविनाच.

एवढ्याने देव सिद्ध होत नाही, तसा दावाही आम्ही करत नाही. आमचे म्हणणे इतकेच की असा विश्वास अडाणीपणाचा ठरत नाही. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. जे तपासता येते ते तपासून घ्यावे : औषध, पाणी, इतिहास, वर्गणीचा हिशेबसुद्धा. आणि आपल्या विश्वासाची किंमत दुसऱ्याने मोजावी अशी वेळ आणू नये. ही पथ्ये पाळून जो माळ घालतो, नेम चालवतो, लहानथोर न बघता समोरच्याच्या पाया पडतो, त्याला बुद्धी गहाण टाकली असे कुणी म्हणू नये.

पुढच्या शंभर वर्षांत आपल्या विण्याखाली नवी मुले उभी राहतील, आणि हा प्रश्न घेऊनच येतील. त्यांना गप्प करू नका. टाळ हाती द्या, आणि चालता चालता बोलू द्या.